दाजी, त्या फिल्टरची गोष्ट

दाजी,

तुमच्या जलदान विधीच्या दिवशी मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली.

सांगायची असं ठरवून गेलो नव्हतो. विहारात त्रिसरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, मग एकेक माणूस उठून तुमच्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. माझं नाव पुकारलं तसा मी उठलो. अंगात पांढरा सदरा, हातात माईक, समोर तुमची सगळी वस्ती, कोडोली स्टँडवरचे ड्रायव्हर, आणि पुढच्या रांगेत अक्का. अशा वेळी माणूस जे पाठ असतं तेच बोलतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे दाजी एकदा गाडीला ऑइल फिल्टर आणायला गेले..."

पुढचं आपोआप आलं. तुमचा आवाज काढला. नारळ तोलावा तसा हातात फिल्टर तोलून दाखवला. लोक हसले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बघतो तर अक्का उठलेली. पदर सावरत ती मागच्या दारानं बाहेर गेली. मला वाटलं, रडू आवरलं नसेल.

तसं नव्हतं, दाजी. ते आता मला कळलंय. म्हणून हे लिहायला बसलोय, आणि कुठून सुरुवात करावी ते समजत नाही.

तुम्ही अक्काला बघायला आमच्या गडमुडशिंगीला आलात तेव्हा मी दहावीला होतो. घरातला एकुलता एक मेव्हणा, त्यामुळं होणाऱ्या दाजीची खोड काढणं माझ्याकडंच. आत पोहे चालले होते तेव्हा मी तुमच्या स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा सोडली. तुम्ही बाहेर आलात, चाक बघितलंत, कुणाला काही बोलला नाहीत. शेजारून पंप मागून आणलात, बाह्या वर करून स्वतः हवा भरलीत, आणि किक मारायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणालात, "पावणं, व्हॉल्व्हची टोपी तेवढी द्या की." टोपी माझ्या खिशात होती.

तेव्हापासून मी तुमचा पावणं. लग्न झालं, पोरं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी तुम्ही मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. दाजी-मेव्हण्यानं एकमेकांची टर उडवायचीच असते, त्याला कोणी अडवत नाही. त्या मोकळिकीचा मी पुढं काय वापर केला, त्याचं हे सगळं आहे.

उद्यमनगरात मी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही दुसऱ्याची जीप चालवायचा, आणि पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच होता. तुमच्या मागून कोडोलीचे, बांबवड्याचे वडापच्या, म्हणजे सीट भरून माणसं नेणाऱ्या, जीपवाले आले. "आमच्या पावण्याचं दुकान हाय," एवढंच तुम्ही सांगायचा. त्या ओळीत आपल्यातल्या कुणाचं दुकान नव्हतं. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत आणि मीही कधी मनावर घेतलं नाही. मला वाटायचं, माझा माल चांगला, म्हणून लोक येतात.

मग तुम्ही स्वतःची गाडी घेतलीत. जुनी, पण टर्बो डिझेल, चारी चाकांना ओढ असलेली. बेळगावच्या एका ठेकेदाराकडनं ती आणायला आपण दोघं एसटीनं गेलतो. येताना निपाणीच्या अलीकडच्या घाटात तुम्ही रेडिओ बंद केलात आणि काच खाली केलीत.

"ऐका की पावणं."

"काय?"

"शिट्टी. टर्बोची. कशी घुमाय लागल्या बघा."

घाट संपला तरी तुम्ही रेडिओ लावला नाहीत. वस्तीत पोचलो तर म्हाताऱ्या बायकासुद्धा बाहेर येऊन उभ्या. वस्तीतली ती पहिली चारचाकी. अक्कानं चाकांवर पाणी घातलं, कुणीतरी बॉनेटवर निळा झेंडा बांधला. स्टँडवर तुमची गाडी नंबरात उभी राहू नये म्हणून पुढं कुणी काय काय केलं ते मी इतरांकडून ऐकलं. तुमच्याकडून कधीच नाही. तुम्ही फक्त डोंगरातल्या वाड्यांच्या वाटा धरल्यात, जिथं बाकीच्यांच्या जीप चढायच्या नाहीत. दोन वर्षांत त्याच स्टँडवरचे लोक तुम्हाला हाका मारायला लागले.

पहिल्या सर्व्हिसिंगला तुम्ही दुकानात आलात तो दिवस आज सगळ्यांत जास्त आठवतोय. मी काउंटरवर चार ऑइल फिल्टर मांडले. तुम्ही म्हणालात, "ह्यात एवढं काय बघायचं? आटं बसलं म्हंजे झालं."

"आटे चारींचे बसतात, दाजी. पोटात काय आहे ते बघायला लागतं."

आणि मी एक जुना, वापरलेला फिल्टर घेतला, करवतीनं त्याचा पत्रा कापला आणि त्याचं पोट तुमच्यापुढं मोकळं केलं. हा घडीचा कागद, तेलातला कचरा अडवणारा. ही रबराची झडप. इंजिन बंद केलं की तेल खाली उतरायला बघतं, ही झडप ते फिल्टरमध्ये धरून ठेवते, म्हणजे सकाळी चावी फिरवली की तेल लगेच वर पोचतं. ही स्प्रिंग. कागद चोंदला किंवा तेल थंडीनं घट्ट झालं की ही उघडते आणि इंजिन उपाशी राहत नाही. ती किती दाबाला उघडायची हे गाडीगाडीचं वेगळं. साध्या इंजिनाला थोडं इकडंतिकडं चालून जातं. पण तुमचा टर्बो तेलाच्या पातळ थरावर फिरतो, त्याला दुसरा आधार नाही. तेल पोचलं नाही की संपला.

तुम्ही ऐकत होता, पण हातात चारांतला सगळ्यांत मोठा फिल्टर घेऊन तोलत होता. "आणि ह्यो? ह्यात तेल ज्यादा मावंल की. घागर मोठी असली म्हंजे पाणी ज्यादा."

"दाजी, घागरीला भोक कुठं आहे ते बघायला नको?"

तुम्ही मोठ्यानं हसलात. "पावणं, लग्नं जमवताना पण लोक आटंच बघत्यात. पोटातलं कोण कापून बघतंय?"

मग मी तुमच्यासाठी फिल्टर निवडला. चांगला सीलबंद खोका, वर चकाकणारा शिक्का, गाडीच्या नंबराला तंतोतंत जुळणारा. एक फिरता एजंट नुकताच तो माल द्यायला लागला होता. "ओरिजिनल आहे," मी म्हणालो. तुम्ही खोका उलटापालटा करून बघितलात आणि म्हणालात, "तुम्ही म्हणताय म्हंजे असंल."

त्या खोक्यातला फिल्टर मी करवतीनं कापून बघितला नव्हता. नवा फिल्टर कोण कापतं?

पुढं माझं लग्न ठरलं. त्याच सुमारास तुम्हाला वर्षभराचं काम मिळालं. लस टोचणाऱ्या नर्सबाईंना डोंगरातल्या वाड्यांवर न्यायचं आणि आणायचं. काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही तेल आणि फिल्टर बदलायला काढलंत, आणि माझं दुकान बंद. लग्नाचा आठवडा. तुम्ही गावातल्या दुसऱ्या दुकानातनं फिल्टर घेतलात. मोठ्यातला मोठा, आटे बसणारा.

थोड्याच दिवसांनी, पन्हाळ्याच्या मागच्या बाजूला एका धनगरवाड्याच्या चढाला शिट्टीची किंकाळी झाली, मागं निळा धूर सुटला आणि तुम्ही गाडी बंद केलीत. आत दोन नर्सबाई आणि बर्फात ठेवलेली लसीची पेटी. ऊन वर चढत होतं. खाली परत जायला वाहन नव्हतं. तुम्ही चाकांना दगड लावलेत, पेटी खांद्यावर घेतलीत आणि चालायला लागलात. बायका मागून. वाडीतली सगळी पोरं त्या दिवशी टोचून झाली. संध्याकाळी तुमच्या खांद्याची कातडी सोलवटलेली होती, असं अक्का म्हणाली होती.

माझ्या गोष्टीत ती पेटी कधीच नसायची, दाजी. मी गोष्ट सांगायचो ती दुकानापासून धुरापर्यंत. धूर निघाला की लोक हसायचे, मग पुढं कशाला जायचं?

गाडी ओढून दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आणली. मी पोचलो तोवर त्यांनी टर्बो खाली उतरवून ठेवला होता. तुम्ही टायरवर बसला होता. मी विचारपूसही केली नाही. सरळ गाडीखाली गेलो, तो मोठा फिल्टर सोडवला, मिस्त्रींची करवत घेतली आणि सगळ्यांसमोर कापला. कागद चांगला होता. झडप नव्हती.

"बघा," मी म्हणालो, "घागर मोठी, पण झडपच नाही."

मिस्त्री काहीतरी बोलणार होते. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत आणि आधी बोललात, "बरोबर हाय पावण्याचं. माझीच चूक झाली." मिस्त्री हात पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. हे मला आठवतं, म्हणजे तेव्हाही ते कुठंतरी खटकलं असणार. पण बरोबर ठरलेल्या माणसाला खटकलेलं फार वेळ टिकत नाही.

काम दुसऱ्या गाडीला गेलं. गाडी भरवशाची नाही, असं ठरलं. पुढचा हंगाम तुम्ही दुसऱ्याच्या ट्रकवर ऊस ओढलात. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत तुमची गाडी सगळ्यांत पुढं असायची, ती त्या वर्षी पोरांनी ढकलत नेली, निळी पताका लावून, इंजिन बंद. रात्री जेवणाच्या पंगतीत कुणीतरी माझ्या हातात माईक दिला आणि मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. "मालक, मोठ्यातला मोठा द्या, नारळागत जड!" वस्ती खदखदून हसली. तुम्ही वाढायला उभे होता, हातात आमटीची बादली. तुम्हीही हसलात.

मग ती गोष्ट माझीच झाली. बारसं असो, लग्न असो, दुकानात दोन ड्रायव्हर चहा पीत बसलेले असोत. कुणी नवीन माणूस भेटला की स्टँडवरचे म्हणायचे, "त्यो फिल्टर सांग की." तुमच्या भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर सांगितली. तुम्ही व्याह्यांना पाणी देत म्हणालात, "आमचं पावणं लई हुशार हाय."

पुढं दुसरा टर्बो बसवून गाडी पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हापासून तुम्ही तिचं काहीही घ्यायचं झालं की मला विचारायला लागलात. वायपरचं रबर, बॅटरी, अगदी पायपुसणं. "पावण्याला इचारतो," म्हणायचा. मला वाटायचं, माणसाला अद्दल घडली. मनातल्या मनात मी त्याचं श्रेय घेत होतो.

आणि आपलं ते एजंटावरून झालेलं भांडण. गाडी बंद पडली त्या महिन्यात तुम्ही दुकानात आलात आणि तसल्या चकाकत्या शिक्क्याच्या खोक्यांतले फिल्टर होते नव्हते तेवढे उचललेत. "स्टँडवरच्या गाड्यांना लागत्यात," म्हणालात. मी डोळे मिचकावून शेजारच्या दुकानदाराला म्हणालो, "आता कळली किंमत!" वर तुम्ही सांगितलंत, "त्या एजंटाकडनं परत माल घेऊ नगा."

"का?"

"त्येचं तोंड मला आवडत न्हाय."

"दाजी, धंदा तोंड बघून करतात काय?"

"तुमी घेऊ नगा म्हंजे घेऊ नगा."

किती बोललो मी तुम्हाला. म्हणालो, स्वतःला फिल्टर निवडता येत नाही आणि मला एजंट निवडायला शिकवता. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. शेवटी अक्काचा फोन आला, घरात तोंड वाकडं नको म्हणून मी तो एजंट सोडला. पण मनात राहिलं, हा माणूस हट्टी आहे, आणि एक ना एक दिवस ह्या हट्टाचा हिशेब मी विचारणार.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात तुम्ही होता तेव्हा मी रोज दुकान बंद करून यायचो. तुम्हाला बोलायला दम लागायचा. एकदा तुम्ही विचारलंत, "गाडीचं तेल बदलायला झालंय न्हवं?"

"बदलतो की उद्या."

"फिल्टर..." तुम्ही थांबलात.

"घालतो ओरिजिनल," मी म्हणालो. "मोठ्यातला मोठा नको ना?"

तुमचे ओठ हसल्यासारखे हलले. माझ्याकडं बघत राहिलात, मग पाणी मागितलंत. मी पाणी दिलं. तुमच्याशी झालेलं माझं शेवटचं नीट बोलणं हे असं झालं.

आता जलदानाच्या दिवसाचं सांगतो. लोक जेवायला बसले तेव्हा मी अक्काला शोधत विहाराच्या मागं गेलो. ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. रडत नव्हती.

"सुधा," ती म्हणाली, "आता तरी बास कर."

"अगं, लोकांना हसवावं म्हणून..."

"टर्बो त्या मोठ्या फिल्टरनं गेला न्हवता."

मला समजेना. ती माझ्याकडं न बघता बोलत राहिली. "त्याच्या आदी जो हुता त्यानं गेला. तुझ्या दुकानातला. ह्यांनी बदलून परड्यात टाकलेला, त्यो मिस्त्रीनं मागनं कापून बघितला. आतला कागुद भिजल्या भाकरीगत झालता. त्याचं तुकडं टर्बोच्या नळीत जाऊन बसलेलं. खोका चांगला हुता, माल खोटा हुता."

"मला का नाही सांगितलं?"

"मला पण शपथ घातलेली. आता त्येच न्हाईत, कुणाची शपथ पाळू?"

तुम्ही नेलेले ते बाकीचे फिल्टर तुम्ही एकाही गाडीला लावले नव्हतेत. परड्यात खड्डा काढून पुरलेत. अक्कानं माती ओढली.

मी न जेवताच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर मिस्त्रींकडं गेलो. ते आता थकलेत, काम पोरगा बघतो. मी विचारल्यावर त्यांनी आधी मान हलवली, "जाऊ दे, सुधाकर, माणूस गेला." मी हललो नाही. मग त्यांनी स्टूल ओढलं.

"नळी मी सोडली तवाच कळलं. कागदाचा लगदा. त्या नव्या फिल्टरला झडप न्हवती, बरोबर हाय, चांगला फिल्टर न्हवताच त्यो. पर एवढ्या दिसात त्यानं टर्बो जात न्हाय. तुझ्या दाजीला सांगितलं मी. ते म्हणाले, मिस्त्री, तोंड उघडू नगा. आपल्यातल्या पोरानं ह्या वळीत दुकान टाकलंय. त्येची चूक कवा निघती म्हणून लोक टपून बसल्यात. माझं नाव गेलं तर मी दुसऱ्याच्या ट्रकवर जाईन. त्येचं गेलं तर ते परत उभं न्हाय राहायचं."

मिस्त्री थांबले नाहीत.

"मी म्हटलं, निदान त्याला एकट्याला तरी सांगा. तर म्हणाले, नगो. त्येला सांगितलं तर त्यो गावभर कबूल करत फिरंल. पावण्याच्या पोटात काय राहत न्हाय."

मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं. तसल्या खोक्यांतले दोन फिल्टर तुम्ही यायच्या आधी माझ्याकडून विकले गेले होते. तुम्ही त्या दोन गाड्या शोधून काढल्यात, काहीतरी कारण सांगून गॅरेजला आणल्यात आणि फिल्टर बदलून घेतलेत. त्या दोन गाडीवाल्यांना आजही माहीत नाही. त्यांतला एक माझं नेहमीचं गिऱ्हाईक आहे. गेल्या आठवड्यात दुकानात येऊन तुमच्यासाठी हळहळला, आणि तीच गोष्ट आठवून हसला.

दाजी, मला तुमचा राग येतो. हे लिहायला नको, पण येतो. तुम्ही मला सांगायला हवं होतंत. मी भांडलो असतो, मिस्त्रीला खोटं ठरवलं असतं, महिनाभर कोडोलीला आलो नसतो. पण शेवटी आलो असतो. तुमच्यासमोर बसलो असतो. तुम्ही म्हणाला असता, "जाऊ द्या की पावणं," आणि ते तिथंच मिटलं असतं. तुम्ही माझं दुकान वाचवलंत, पण माझ्याकडून ती एक बैठक काढून घेतलीत. प्रत्येक वेळी मी नारळ तोलल्यासारखा हात करायचो तेव्हा तुम्हाला खरं माहीत असायचं. व्याह्यांसमोर माहीत होतं. आमटीची बादली हातात होती तेव्हा माहीत होतं. दवाखान्यात, पाणी मागितलंत तेव्हाही. मी तुमच्या शांतपणाला लाज समजत होतो.

परवा गडमुडशिंगीत जेवताना बायको म्हणाली, "तुमाला फसवलं त्या एजंटानं, तुमची काय चूक?" बरोबर आहे तिचं. माल खोटा निघाला ह्यात माझी चूक नसेल. पण कापून बघायचं मीच शिकवलं होतं ना तुम्हाला. एक कापलेला फिल्टर हातात घेऊन मी भर गॅरेजमध्ये माणसाला खोटं ठरवलं आणि आधीचा, माझ्या दुकानातला, कुठं आहे हे विचारलं नाही. आणि त्यानंतर इतकी वर्षं हसत राहिलो ते कुणा एजंटानं मला करायला लावलं नव्हतं.

काल मी अक्काकडं आलो. म्हटलं, स्टँडवर जाऊन सगळं सांगणार आहे. ती तांदूळ निवडत होती.

"कुणाला हलकं वाटायला?" तिनं विचारलं. "त्येस्नी, का तुला?"

मी तिच्यासमोर बसून तांदळातले खडे काढू लागलो.

"सांग," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पर हसवू नगोस."

स्टँडवर दुपारची सुस्ती होती. पाचसहा ड्रायव्हर झाडाखाली बसलेले. मला बघून सर्जेराव सरकला, जागा केली. तोच सर्जेराव, ज्याचा तुमच्या नंबरावरून पहिल्या वर्षी वाद झाला होता आणि तुम्ही गेलात त्या दिवशी ज्यानं दिवसभर गाडी बाहेर काढली नाही. मी म्हणालो, "दाजी एकदा फिल्टर आणायला गेले..." आणि सगळ्यांचे चेहरे हसायच्या तयारीला लागले. मला त्या चेहऱ्यांसमोर पुढं बोलावं लागलं. नळीतला कागद सांगितला. माझ्या दुकानातला खोका सांगितला. परड्यातला खड्डा सांगितला. लसीची पेटी सांगितली, ती त्यांना माहीत होती, पण माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मिस्त्रींना तुम्ही काय म्हणालात तेही सांगितलं, त्या ओळीतल्या दुकानांचं आणि टपून बसलेल्या लोकांचं. तेव्हा दोघांनी मान खाली घातली.

एक एसटी आली, गेली.

मग सर्जेराव म्हणाला, "सुधाकर, हे सांगायला नगो हुतंस."

"खरं आहे ते."

"खरं असंल की. पर त्यो माणूस गेल्यापास्नं त्येची याद आली की मला आदी त्यो फिल्टर आठवायचा, आणि हसू यायचं. रडाय यायच्या आदी हसू यायचं. आता काय येणार?"

त्यानं हॉटेलवाल्याला हात करून माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो उभ्यानंच प्यालो, आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता तिथनं निघालो.